देवबागच्या बाटलीतले डायनो: ओळखायचे कसे?

गाळीव_रत्न
रविवार, रात्री ९:१२

गेल्या आठवड्यात 'समुद्र चमकतोय' धाग्यावर आंबोळीने पुतण्याच्या मायक्रोस्कोपखालचे डायनोंचे, म्हणजे पाण्यातल्या एकपेशीय डायनोफ्लॅजेलेटांचे, दोन फोटो टाकले. कर्ली नदीच्या मुखाजवळचं पाणी, बिसलेरीच्या बाटलीत भरलेलं. त्यावर नावांचा जो पाऊस पडला तो वाचून मला राहवेना. एकाने तर दुसऱ्या फोटोतल्या गोल पेशीला सरळ 'विषारी अलेक्झांड्रियम' ठरवून टाकलं. म्हणून वेगळा धागा काढते.

मी अकरा वर्षं गोव्यात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मोजले. मोजणे म्हणजे शब्दशः मोजणे. सेजविक-राफ्टरची काचेची पेटी, आत एक मिलिलीटर पाणी, खाली हजार चौकोन, डोळा भिंगाला आणि हात काउंटरच्या बटणावर. त्यामुळे खालचं सगळं मोजणारीच्या नजरेतून आहे, प्राध्यापकांच्या नाही. सर मंडळींनी कान धरावा.

आधी नावाचं. डायनोफ्लॅजेलेटमधला 'डायनो' डायनासोरचा नव्हे. तो ग्रीक 'भयंकर', आणि हा ग्रीक 'गरगर फिरणं'. फ्लॅजेलम म्हणजे लॅटिनमध्ये चाबूक, आपल्या पुस्तकात कशाभिका. या पेशीला चाबूक दोन. एक कमरेभोवतीच्या खाचेत पट्ट्यासारखा गुंडाळलेला, दुसरा उभ्या खाचेतून मागे लोंबणारा. दोन्ही चालले की पेशी भोवऱ्यासारखी फिरत पुढे जाते. ताजं पाणी पाहिलंत तर फिरण्यावरूनच ओळखाल. नमुना टिकवायला आयोडीन टाकलं की फिरणं बंद, बहुतेक वेळा चाबूकही गळून पडतात, आणि मग उरतो आकार.

फोटो क्रमांक १, तीन शिंगांचा: हा सोपा. वर एक लांब शिंग, खाली दोन, नांगर उलटा धरल्यासारखा. हा ट्रायपॉस. वंश खात्रीने सांगते, जात सांगणार नाही, कारण फोटोत खालच्या शिंगांची टोकं कापली गेलीत.

फोटो क्रमांक २, गोल तपकिरी: याचं नाव मी सांगू शकत नाही. आणि इथे ज्यांनी सांगितलं त्यांनाही येत नाही, राग मानू नका. ल्युगॉल्स आयोडीनमध्ये बुडवलेली तीस-चाळीस मायक्रॉनची गोल पेशी अलेक्झांड्रियम असू शकते, स्क्रिप्सिएला, गोनिऑलॅक्स किंवा छोटं प्रोटोपेरिडिनियमही. आयोडीनने सगळे सारखेच चॉकलेटी होतात.

मग ओळखायचं कसं? प्लेटा मोजून. पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकर शिट्ट्या देतोय.


भोचक_भवानी
रविवार, रात्री ९:४०

ताई, मस्त! पण मूळ प्रश्न राहिलाच. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूला आणि देवगडला लाटा निळ्या चमकत होत्या त्या याच पोरांच्या का?


गाळीव_रत्न
रविवार, रात्री १०:२५

भवानी, आपल्या किनाऱ्यावर असं चमकणं दिसलं की पहिला संशय नॉक्टिल्यूकावर घ्यावा, आणि तो तपासायला सोपाही आहे. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धर. साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पारदर्शक ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतील. अर्धा मिलिमीटर आणि त्याहून मोठी एकच पेशी! भिंगाखाली पाहिलं तर कमरपट्टा नाही, प्लेटा नाहीत. एक फुगा आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखा एक दोरा. डायनोंचं एकही लक्षण धड दिसत नाही, पण आहे डायनोच. नवख्याला हा सगळ्यात आधी ओळखता येतो आणि नेमका हाच डायनो वाटत नाही.

आता प्लेटा. डायनोंचे ढोबळ दोन गट करा, चिलखत घातलेले आणि उघडे. चिलखत सेल्युलोजच्या तुकड्यांचं, फुटबॉलच्या चामड्यासारखे एकमेकांना चिकटून बसलेले. कुठला तुकडा कुठे आणि प्रत्येक ओळीत किती, यावर वंश ठरतो. चार्ल्स कोफॉइड नावाच्या कॅलिफोर्नियातल्या प्राण्यांच्या प्राध्यापकाने १९०९ च्या सुमारास त्यांना क्रमांक द्यायची पद्धत बसवली. शंभर वर्षं उलटून गेली, आजही तीच चालते.

ओळी वरून खाली अशा: शिखराभोवतीच्या, मग कमरेच्या लगेच वरच्या, कमरेतल्या, कमरेखालच्या आणि बुडाच्या. शिवाय शिखर आणि कमर यांच्या ओळींमध्ये घुसलेल्या एक-दोन-तीन आगंतुक प्लेटा असतात, त्यांना मधल्या म्हणू. उभ्या खाचेतल्या बारीक प्लेटा वेगळ्याच, त्यांच्या नादी पहिल्या वर्षी लागू नये.

अलेक्झांड्रियम: शिखर ४, मधली एकही नाही, वर ६, कमरेत ६, खाली ५, बूड २.
स्क्रिप्सिएला: ४, ३, ७, ६, ५, २.
प्रोटोपेरिडिनियम: ४, मधल्या २ किंवा ३, वर ७, कमरेत ३ आणि एक चिमुकली, खाली ५, बूड २.
गोनिऑलॅक्सचा घोळ वरच्या अर्ध्यात आहे, तिथे कोणती प्लेट कोणत्या ओळीतली यावरच भांडणं आहेत. पण खाली ६ आणि अगदी बुडाशी १.

आता बघा, आंबोळीच्या गोल पेशीत शिखराजवळ एक जरी मधली प्लेट सापडली तर अलेक्झांड्रियम बाद. तेवढ्यासाठी सगळ्या प्लेटा मोजायची गरज नाही. पण ती मधली प्लेट असते पाठीवर, आणि बहुतेक पेशी काचेवर नेमक्या पोटावर नाहीतर कुशीवर पडतात. म्हणून पेशी लोळवावी लागते. कव्हरस्लिपच्या (थेंबावरच्या पातळ काचेच्या) कडेला सुईच्या टोकाने हलकंच टकटक करायचं. जोरात केलं तर पेशी भिंगाच्या टापूतून गायब, मग शोधा अर्धा तास.

अजून एक. डावं-उजवं म्हणजे पेशीचं स्वतःचं. ती पोटाने आपल्याकडे बघत असेल तर तिचा डावा हात आपल्या उजवीकडे. त्यात साधा मायक्रोस्कोप प्रतिमा उलटी दाखवतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत सगळ्या पेशी डावखुऱ्या आहेत.


आंबोळी
रविवार, रात्री ११:०५

वाचलंय सगळा. मायक्रोस्कोप पुतण्याच्या शाळेच्या प्रदर्शनातलो, चारशे पट. त्यात प्लेटा दिसतत? माका तर नुसतो गूळ दिसता.


गाळीव_रत्न
रविवार, रात्री ११:१८

आंबोळी भाऊ, गूळ म्हणजे आतला ऐवज. तो काढायचा. रिकाम्या चिलखताची शिवण चारशे पटीला छान दिसते, विशेषतः पेशी मोठी असेल तर. कपड्यांचं ब्लीच असतं ना, ते भरपूर पातळ करून एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. आतलं विरघळतं आणि प्लेटा सुट्या होऊ लागतात. घट्ट ब्लीच घातलंत तर प्लेटाही विस्कटून जातील. आयोडीन न घातलेलं पाणी घ्या. आणि पुतण्याचा मायक्रोस्कोप लगेच पुसा, गंजतो.

प्रयोगशाळेत याहून सोपं आहे. कॅल्कोफ्लुअर नावाचा रंग मिळतो, कपडे-कागद पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरतात त्या जातीचा. तो सेल्युलोजला चिकटतो आणि अतिनील उजेडात सगळ्या शिवणी निळ्या झळकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाजूच्या टेबलवाल्यांना हाका मारून बोलावलं होतं. पण त्याला लागतो फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, आणि त्याची किंमत विचारू नका.


शेवाळेसर
सोमवार, सकाळी ६:५०

उत्तम धागा. परंतु फोटो क्रमांक १ ला आम्ही चाळीस वर्षे सेराशियम म्हणत आलो. सुब्रह्मण्यन यांनी भारतीय समुद्रांतील डायनोफायसींवर, म्हणजे या डायनोंवरच, १९६८ मध्ये जो पहिला भाग काढला तो संपूर्ण सेराशियमवर होता. त्यातील आकृत्या मी विद्यार्थ्यांकडून कॅमेरा ल्युसिडा (भिंगाखालची प्रतिमा कागदावर गिरवण्याचे साधन) लावून पुन्हा काढून घेत असे. आता हे ट्रायपॉस कुठून आले? नावे बदलण्याची ही हौस मला कळत नाही.


पीसीआर_पीडित
सोमवार, सकाळी ९:३३

सर, नमस्कार. याच विषयात पीएचडी रखडवतोय, म्हणून बोलतो.

गोड्या पाण्यातलं सेराशियम आणि समुद्रातलं सेराशियम यांची कमर मोजली तर गोड्याला ६ प्लेटा, खाऱ्याला ५. डीएनएनेही दोघांना वेगळं काढलं. सेराशियम हे नाव मुळात गोड्या पाण्यातल्या जातीला बांधलेलं, म्हणून ते तिथेच राहिलं. समुद्रातल्यांना २०१० मध्ये गोमेझ आणि सहकाऱ्यांनी निओसेराशियम केलं. मग लक्षात आलं की बोरी द सँ-व्हँसाँ या फ्रेंच गृहस्थाने १८२३ मध्येच ट्रायपॉस हे नाव देऊन ठेवलंय. जुनं नाव वरचढ, त्यामुळे २०१३ पासून ट्रायपॉस. तीन वर्षांत दोनदा लेबलं बदलली, आमच्या लॅबमधल्या बाटल्यांवर तीन-तीन थर चिकटलेत.

गंमत पुढे आहे. सगळ्यात प्रसिद्ध जात सेराशियम ट्रायपॉस. तिचं आता 'ट्रायपॉस ट्रायपॉस' व्हायला हवं होतं. पण वनस्पतींच्या नामकरण नियमांत वंश आणि जात यांना तंतोतंत एकच शब्द चालत नाही, म्हणून ती झाली ट्रायपॉस म्युलेरी. प्राण्यांच्या नियमांत असं चालतं, तिथे गोरिला गोरिला बिनधास्त फिरतो. आणि डायनो तर दोन्ही घरचे पाहुणे. निम्मेअर्धे प्रकाशसंश्लेषण करतात म्हणून वनस्पतीवाले त्यांना आपले म्हणतात, बाकीचे शिकार करतात म्हणून प्राणीवाले आपले. बरेचसे दोन्ही करतात.


शेवाळेसर
सोमवार, सकाळी १०:०२

पाच आणि सहा. कमरेच्या प्लेटा मी स्वतः कधीच मोजल्या नव्हत्या, शिंगे पाहूनच समाधान मानले. आज बोलतो आहे ते मान्य करायला हवे. तरी तोंडात सेराशियमच बसले आहे, चालवून घ्या.


मस्कतचा_मामा
सोमवार, दुपारी १:१५

मी जीवशास्त्रातला नाही, पाइपलाइनवाला. पण २००८ च्या शेवटी ओमानचा समुद्र तांबूस-चॉकलेटी झालेला डोळ्यांनी पाहिलाय, महिनोन्‌महिने. मासे मेले, समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प ठिकठिकाणी थांबवावे लागले. तेव्हा कॉक्लोडिनियम हे नाव ऐकलं. ते चिलखतवालं की उघडं?


गाळीव_रत्न
सोमवार, दुपारी ३:४७

मामा, उघडं. आणि बरं विचारलंत, उघड्यांचं रडगाणं गायचंच होतं.

यांना सेल्युलोजच्या प्लेटाच नाहीत, मोजणार काय? कोफॉइडनेच स्वेझीबाईंबरोबर १९२१ मध्ये या उघड्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात नियम असा की कमरपट्ट्याची दोन टोकं पोटावर एकमेकांना भेटताना किती खालीवर होतात ते पाहा. शरीराच्या लांबीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त घसरली तर जायरोडिनियम, कमी तर जिम्नोडिनियम. कॉक्लोडिनियममध्ये पट्टा जिन्यासारखा पेशीभोवती जवळपास दोन वेढे घेतो आणि पेशी चार-चार, आठ-आठच्या माळेत पोहतात. तुमच्या समुद्रातली जात कॉक्लोडिनियम पॉलीक्रिकॉइडिस. तिचंही नाव २०१७ मध्ये मार्गालेफिडिनियम झालं, रामोन मार्गालेफ या स्पॅनिश परिसरशास्त्रज्ञाच्या नावावरून.

अडचण अशी की टिकवायला आयोडीन घातलं की उघड्या पेशी आक्रसतात, फुगतात, फुटतात. पाचवा भाग मोजायला पेशी धड उरायला हवी! म्हणून हे जिवंतच पाहायचे, बोटीवरून उतरल्या उतरल्या. आमच्याकडे नमुने यायचे ते आठवडाभर आयोडीनमध्ये मुरलेले. उघड्या डायनोंच्या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षं 'अनोळखी जिम्नोडिनियमसारखे, २० मायक्रॉनखालील' असं लिहीत आलो. अहवाल वाचणाऱ्याला वाटायचं तिथे फारसं काही नाहीच.


टँपाकर
सोमवार, रात्री ८:२०

आमच्याकडे फ्लोरिडात याच उघड्यांपैकी एकाची दहशत. कॅरेनिया ब्रेव्हिस. लाल भरती (या पेशी बेसुमार वाढून पाण्याचा रंग बदलणं) आली की किनाऱ्यावर नुसतं फिरलं तरी घसा खवखवतो, लाटांबरोबर विष हवेत उडतं. २०१८ ला आईबाबा आले होते, हौसेने बीचवर नेलं, दोघंही खोकत परत. कॅरेनिया हे नाव कॅरन स्टायडिंजर या इथल्याच संशोधक बाईंवरून आहे. १९४८ ला नाव दिलं तेव्हा जिम्नोडिनियम, मधे टायकोडिस्कस, २००० पासून कॅरेनिया. लिटरमागे पाच हजार पेशी झाल्या की शिंपले काढायला बंदी. म्हणजे ओळखण्यात चूक झाली तर मासेमाराचं पोट जातं किंवा खाणाऱ्याचं बिघडतं.


पीसीआर_पीडित
सोमवार, रात्री ९:०५

टँपाकर, पाचव्या भागाचा नियम २००० मध्येच मोडीत निघाला. डेन्मार्कच्या डाउबियर्ग, मोएस्ट्रुप वगैरे मंडळींनी दाखवलं की डोक्यावरची बारीक खाच जास्त विश्वासाची. कॅरेनियात ती सरळ रेघ, खऱ्या जिम्नोडिनियममध्ये घोड्याच्या नालासारखी वळलेली. डीएनए त्याच बाजूने बोलला. पण ती खाच साध्या भिंगाखाली दिसायला नशीब लागतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असेल तर नशिबाची गरज नाही.


भोचक_भवानी
सोमवार, रात्री ९:१२

मग सरळ डीएनएच करा ना बाबा! कशाला प्लेटा आणि खाचा आणि घोड्याची नाल?


पीसीआर_पीडित
सोमवार, रात्री ११:४८

भवानीताई, हा प्रश्न माझे गाईडही विचारतात. मोठं उत्तर देतो, चहा घ्या.

अलेक्झांड्रियमचीच गोष्ट. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बंदरात हलीम यांनी १९६० मध्ये हा वंश वर्णिला, म्हणून हे नाव. यातल्या कित्येक जाती सॅक्सिटॉक्सिन बनवतात. शिंपले ते साठवतात, खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात आणि वाईट वेळ आली तर श्वास थांबतो. आपल्याकडे केरळात विळिंजमला १९९७ मध्ये शिंपले खाऊन माणसं दगावली ती याच प्रकारच्या विषाने.

या वंशात तीन नावं फार गाजलेली. टॅमारेन्सी, इंग्लंडच्या टॅमर नदीच्या मुखातली, लेबूरबाईंनी १९२५ मध्ये वर्णिलेली. कॅटेनेला, कॅलिफोर्नियातली, व्हेडन आणि कोफॉइडची, १९३६. आणि फंडिएन्सी, कॅनडाच्या फंडी उपसागरातली, अर्जेंटिनाच्या एन्रिके बालेक यांची, १९८५. बालेक हा प्लेटांचा राजा माणूस, अख्ख्या वंशाच्या प्लेटा त्याने एकेक करून रेखाटल्या. फरक असे: पोटावरच्या पहिल्या शिखर-प्लेटेच्या कडेला बारीक छिद्र असेल तर टॅमारेन्सी, नसेल तर फंडिएन्सी, पेशी चपट्या आणि माळेत असतील तर कॅटेनेला.

नव्वदच्या दशकात लोकांनी यांच्या रायबोसोमच्या जनुकांचा क्रम वाचला. आणि फजिती झाली. गट पडले, पण या तीन नावांप्रमाणे पडलेच नाहीत. उत्तर अमेरिकेतली टॅमारेन्सी युरोपातल्या टॅमारेन्सीपेक्षा तिथल्याच फंडिएन्सीला जवळची. पुढे पाच गट ठरले. एकाच पेशीपासून वाढवलेल्या कल्चरमध्येही काही पेशींना छिद्र, काहींना नाही. ज्या छिद्रावर अख्खी जात उभी होती ते असंच, कधी आहे कधी नाही.

२०१४ मध्ये योन आणि सहकाऱ्यांनी पाच गटांना पाच नावं दिली. त्यावर पुन्हा वाद. पहिल्या गटाला फंडिएन्सी म्हणायचं की कॅटेनेला? जुनं नाव १९३६ चं, म्हणून शेवटी कॅटेनेला ठरलं. आता अटलांटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर आयुष्यभर 'फंडिएन्सी' लिहिणाऱ्यांनी कॅटेनेला लिहायचं, आणि जपानमधले जुने 'कॅटेनेला' नमुने कुठल्या गटात होते ते पुन्हा तपासायचं, कारण त्यातले बरेच चौथ्या गटातले, म्हणजे आता पॅसिफिकम.

एवढं झाल्यावरही डीएनए सगळ्याचं उत्तर नाही. एकेका पेशीत या जनुकाच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यातल्या काही बिघडलेल्या. काही डायनोंचा जीनोम माणसाच्या जीनोमच्या कैक पटीने मोठा. आणि सगळ्यात मोठा वांधा म्हणजे जुळवायला जी यादी आहे त्यातली नावं कुणीतरी प्लेटा पाहूनच दिलेली. त्या माणसाने घाईत चुकीचं नाव टाकलं असेल तर माझा अहवाल तीच चूक नव्वद टक्के जुळणीसह छापणार. म्हणून हल्ली एकच पेशी उचलतात, आधी तिचा फोटो, मग तिचाच डीएनए. माझ्या हातून दहातल्या सात पेशी पिपेटमध्येच हरवतात. म्हणून हे नाव घेतलंय.


जुना_खडक
मंगळवार, सकाळी ७:२५

तुम्ही पाण्यातल्या नावांवर भांडताय, आम्ही दगडातल्या. नोकरी तेलाच्या विहिरींच्या गाभ्यातले सूक्ष्म जीवाश्म पाहण्यात गेली. काही डायनो लैंगिक चक्रानंतर जाड कवचाची सिस्ट बनवून तळाच्या गाळात झोपतात. सेल्युलोज कुजून जातं, सिस्टचं कवच कोट्यवधी वर्षं टिकतं. एकोणिसाव्या शतकापासून काटेरी गोळे म्हणून ती माहीत होती, पण कुणाची ते कुणाला ठाऊक नव्हतं. १९६१ मध्ये एव्हिट यांनी दाखवलं की त्यावरचं भोक हे बाहेर पडायचं दार आहे, आणि दाराची चौकट डायनोच्या प्लेटांच्या हिशोबात बरोब्बर बसते. नंतर वॉल आणि डेल यांनी गाळातल्या जिवंत सिस्ट भिजवून उबवल्या आणि काय बाहेर येतं ते पाहिलं. स्पिनिफेराइटिस या 'जीवाश्म' वंशाच्या सिस्टमधून गोनिऑलॅक्स पोहत बाहेर! आजही दोन्ही नावं नांदतात. माहेरचं आणि सासरचं म्हणा. शिवाय गोनिऑलॅक्स स्पिनिफेरा या एकाच नावाखाली वेगवेगळ्या जीवाश्म नावांच्या सिस्ट निघतात. तेव्हा ती एक जात की पाच, ते तुम्ही पाण्यावाल्यांनी सांगा.


आंबोळी
मंगळवार, सकाळी ८:१०

आमच्या मालवणच्या पोवळ्यातपण ह्येच डायनो असतत म्हणे? स्नॉर्केलिंगक नेतंय तेव्हा पर्यटक इचारतत.


पीसीआर_पीडित
मंगळवार, सकाळी ८:५५

हो आंबोळी भाऊ. पोवळ्याच्या पेशीत राहतात तेव्हा चाबूक नाही, कमर नाही, नुसते तपकिरी गोळे. पाण्याचं तापमान फार चढलं की पोवळं त्यांना गमावतं आणि पांढरं पडतं. कित्येक वर्षं सगळ्यांना सिम्बायोडिनियम हे एकच नाव होतं, आत ए, बी, सी, डी असे गट पाडलेले. २०१८ मध्ये लाजेनेस आणि सहकाऱ्यांनी त्यांचे वेगळे वंश केले. सी म्हणजे क्लॅडोकोपियम, डी म्हणजे ड्युरुस्डिनियम. तिथे मात्र भवानीताई जिंकल्या, गोळ्यांवरून काहीच कळत नाही, डीएनएच लागतो.


गाळीव_रत्न
मंगळवार, दुपारी २:३०

पीडिता, छान लिहिलंस. तुझ्या छिद्राच्या गोष्टीवरून माझी एक जुनी जखम उघडली, सांगूनच टाकते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मासिक अहवालात मी 'अलेक्झांड्रियम मिन्यूटम' असं लिहिलं. लहान, गोल, तपकिरी, माझ्या मते ठरलंच. अहवाल वर गेला. महिन्याने बाहेरून एक बाई आल्या, डोक्याचे केस पांढरे, हातात स्वतःचं भिंग. त्यांनी एकच विचारलं, "किती प्लेटा मोजल्यास?" मी म्हटलं, "मॅडम, आकारावरून..." त्या रागावल्या नाहीत. माझ्याच बाटलीतला थेंब घेऊन बसल्या, एकवीस पेशी लोळवल्या. पंधरा स्क्रिप्सिएला होत्या, मधल्या तीन प्लेटांसकट. चार काहीतरी भलतंच. दोन खरोखर अलेक्झांड्रियम, शिखराच्या प्लेटवर गळाच्या आकडीसारखं छिद्र मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "या दोघींची जात?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही सांगता येत. तसं लिही."

तसं लिहिणं आमच्या छापील तक्त्यात बसत नव्हतं. तिथे जातीचा रकाना रिकामा ठेवला की संगणक पुढे जाऊ द्यायचा नाही. म्हणून लोक काहीतरी भरतात. असे किती रकाने भरले गेले असतील आणि पुढे कुणाच्या आलेखात गेले असतील, कोण जाणे. मी मात्र त्यानंतर वहीच्या समासात खूण करायला लागले, मोजलं की नुसतं पाहिलं. सवय सुटली नाही, परवा भाजीच्या यादीतही केली.


आंबोळी
बुधवार, रात्री १०:५०

ताई, काल रात्री बसलंय. ब्लीच पहिल्या खेपेक जास्त झाला, सगळा गेला. दुसऱ्या खेपेक एक मोठी पेशी गावली, फोटोतली न्हय, त्याच बाटलीतली दुसरी. खाली दोन टोकेरी शिंगा, आखूड. रंग तपकिरी नाय, फिकट गुलाबी. सुयेन टकटक करून लोळयली. पोटावरची वरची पहिली प्लेट: बाजू चार. पाठीर मधल्यो प्लेटा तीन, त्यातल्या मधलीक बाजू सहा. तीनदा मोजलंय. पुतण्यान पण मोजल्यान, त्याचेपण सहा. चित्र काढून खाली लावलंय.


गाळीव_रत्न
बुधवार, रात्री ११:०४

अहो आंबोळी भाऊ!! शाब्बास तुमची आणि पुतण्याची!

मधल्या प्लेटा आहेत, म्हणजे अलेक्झांड्रियम नाही. आता तुमच्या चित्रात कमरेच्या प्लेटा मोजल्या. पोटाच्या डाव्या हाताची ती चिमुकली धरून चार. प्रोटोपेरिडिनियम. तपकिरी नाही, कारण त्याला स्वतःचं हरितद्रव्य नाही. हा शिकारी आहे. चाबकाच्या खाचेतून जाळ्यासारखा पडदा बाहेर फेकतो, अख्खी डायटम शैवालांची साखळी त्यात गुंडाळतो, बाहेरच पचवतो आणि पडदा आत ओढून घेतो.

पहिल्या शिखर-प्लेटेला चार बाजू म्हणजे 'ऑर्थो', पाच असत्या तर 'मेटा', सहा तर 'पॅरा'. पाठीवरच्या मधल्या प्लेटेला सहा बाजू म्हणजे 'हेक्सा'. तुमचा ऑर्थो-हेक्सा. दिसायला साधारण तसाच, दोन शिंगांचा प्रोटोपेरिडिनियम डायव्हर्जन्स असतो, पण तो मेटा-क्वाड्रा (मधल्या प्लेटेला चारच बाजू), म्हणून तो गेला. उरलेल्यांत कोनिकम अगदी जवळ वाटतं, पण लिओनिस आणि पेंटागोनम हेही ऑर्थो-हेक्साच. शिंगांमधली खाच आणि बाजूंचा उतार पाहावा लागेल.


शेवाळेसर
गुरुवार, सकाळी ६:४०

आंबोळी, आकृती पाहिली. पेन्सिलीला टोक करा आणि छायांकन करू नका, केवळ रेषा. बाकी अप्रतिम. माझा जुना कॅमेरा ल्युसिडा माळ्यावर पडून आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पाठवतो.


आंबोळी
गुरुवार, सकाळी ७:१५

सर, काय बोलू. पाठवा, जपून ठेवतंय. ताई, वहीत काय लिवू नाव? आणि माका इतक्याच सांगा, तिसरे, म्हणजे शिंपले, खावचे की नाय?


गाळीव_रत्न
गुरुवार, सकाळी ९:२२

वहीत लिहा: 'प्रोटोपेरिडिनियम, कोनिकमशी ताडून पाहावे. ऑर्थो-हेक्सा, मोजले. एक पेशी.' तारीख, जागा, भरती की ओहोटी. आणि दुसऱ्या फोटोतल्या गोल तपकिरीसमोर लिहा: 'चिलखती, अनोळखी, पाहिले.'

तिसऱ्यांचं उत्तर भिंगाखाली नाही. एका थेंबात अलेक्झांड्रियम दिसलं नाही म्हणजे खाडीत नाही असं होत नाही, आणि दिसलं तरी तिसऱ्यांत विष साठलंच असेल असंही नाही. ते शिंपल्याचं मांस तपासूनच कळतं. सॅक्सिटॉक्सिन उकळून जात नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. पाणी रंग बदलून लाल-तपकिरी झालं असेल किंवा मासे मरून वर आले असतील त्या दिवसांत काढू नका, खाऊही नका. एरवी मी स्वतः खाते, सुक्यात, भरपूर खोबरं घालून.


आंबोळी
गुरुवार, सकाळी ९:३०

लिवलंय. उद्या पहाटेच्या भरतीक दुसरी बाटली भरतंय. पुतण्यो आत्तापासून सुई शोधता.